छायाचित्रातील मोटार आणि घरातील एक तिथी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांमध्ये इतिहासाची साधने म्हटली की डोळ्यांपुढे येतात त्या सनदा, इनामपत्रे, वंशावळी आणि मोडी कागदांची रुमालात बांधलेली दप्तरे. छायाचित्रांना आपण साधन मानत नाही. ती भिंतीवर टांगायची, सणासुदीला पुसायची आणि पाहुण्यांना दाखवताना सोबत एखादी गोष्ट सांगायची, एवढाच त्यांचा उपयोग. ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की पुढेपुढे आपण छायाचित्र पाहतच नाही, गोष्टच पाहतो. आमच्या घरात असेच घडले. तो अनुभव केवळ कौटुंबिक नाही, जुने पुरावे कसे वाचावेत याविषयी त्यातून काही शिकता येते, असे वाटल्यावरून येथे मांडत आहे.

आमचे घराणे इंदूरचे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांनी राजधानी इंदुरास आणली, त्या सुमारास मूळपुरुष येथे आले असे वंशावळ सांगते. माझे आजोबा, ज्यांना सारे घर ‘नाना’ म्हणत असे, ते संस्थानच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचे थोरले बंधू ‘भाऊ’ हे संस्थानच्या मोटारखान्यात कारकून होते. त्यांचा जन्म १९१४ चा. लग्न झाले नव्हते. १९४३ च्या ज्येष्ठात विषमज्वराने ते गेले. नाना त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान.

वाड्याच्या माजघरात, देवघराच्या दाराशेजारी, भाऊंचे छायाचित्र होते. लाकडी चौकट, आत अंडाकृती कापलेला पुठ्ठा आणि त्यात पांढरी पाटलोण व कोट घातलेला तिशीच्या आतबाहेरचा एक तरुण. त्याने एका उघड्या मोटारीच्या मडगार्डाला टेकून उजवा हात रेडिएटरच्या टोपणावर ठेवला आहे. गाडीचा पुढचा भागच तेवढा दिसतो. चौकटीवर चंदनाचा हार. ज्येष्ठातल्या त्या तिथीला ताज्या फुलांचा हार पडे आणि पंगत उठल्यावर कोणीतरी वडीलधारे मुलांना ती गोष्ट सांगत: ही महाराजांची विलायती शर्यतीची गाडी. मोटारखान्यात एक दिवस महाराज स्वतः आले, भाऊंचे काम पाहून खूष झाले आणि म्हणाले, उभा राहा गाडीपाशी, तुझी तसबीर काढतो.

महाराज म्हणजे दुसरे यशवंतराव होळकर. १९२६ साली ते गादीवर आले आणि १९३० मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. त्यांच्याविषयी अशी गोष्ट सहज खरी वाटावी, असेच त्यांचे जीवन होते. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग हा आधुनिक प्रासाद सजवून घेतला, ब्रांकुशीची शिल्पे विकत घेतली, पॅरिसमध्ये मॅन रे यांच्याकडून छायाचित्रे काढवली. मोटारींचा त्यांचा शौकही त्याच जातीचा होता. अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या एस.जे. या बलाढ्य मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून त्यांनी दोन आसनांची स्पीडस्टर बांधवून घेतली. ती १९३६ च्या सुमारास तयार झाली. रंग नारिंगी आणि काळा, आठ सिलिंडरांचे जवळजवळ सात लिटरचे इंजिन, त्यावर सुपरचार्जर. जगभरातील जुन्या मोटारींचे अभ्यासक आजही तिचे नाव आदराने घेतात. आमच्या घरातल्या गोष्टीत वाढत्या इंग्रजीबरोबर हे नावही शिरले होते. मी लहान असताना छायाचित्रातली गाडी नुसती ‘महाराजांची’ होती. माझ्या तरुणपणी ती ‘ड्यूसेनबर्ग’ झाली. ग्वाल्हेर-बडोद्याकडच्या वाचकांच्या घरीही संस्थानिकांच्या गाडीशेजारचा एखादा पूर्वज असेल, म्हणून हे वाढते माहात्म्य त्यांना ओळखीचे वाटावे.

काही वर्षांपूर्वी वाडा विकला. सामान हलवताना बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जुनी छायाचित्रे निघाली. त्यांत याच तसबिरीची मूळ प्रत होती. चौकटीतले चित्र म्हणजे तिच्यावरून मोठी करून अंडाकृती कापलेली नक्कल. मूळ प्रत हाताच्या पंजाहून लहान, पण अखंड होती आणि तिच्यात गाडी पुढपासून मागपर्यंत, काहीशी तिरपी, पण पूर्ण दिसत होती. भाचीने ती स्कॅन करून पडद्यावर मोठी केली. ड्यूसेनबर्गच्या त्या वैभवाची नीट ओळख पटवावी, एवढाच माझा हेतू होता.

पहिलाच अडथळा लांबीचा आला. अशा चित्रात मोजपट्टी नसते, परंतु प्रमाण असते. चाकाचा व्यास एक धरून पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर मोजले की गाडीच्या ठेवणीचा अंदाज येतो. ड्यूसेनबर्गचा सांगाडा दोन मापांत येई. त्यांतल्या लहान मापातही आसांमधले अंतर पावणेबारा फुटांहून अधिक, म्हणजे चाकाच्या व्यासाच्या चारपटींपेक्षा जास्त भरते. आमच्या चित्रात ते सव्वातीन पट भरले. तिरपेपणामुळे थोडे आखडले असे मानले तरी ही तफावत भरून निघण्यासारखी नव्हती. शिवाय शेजारी उभ्या माणसाच्या छातीपर्यंतच गाडीची काच पोचत होती. महाराजांची गाडी कोणाही माणसाला खुजे करील अशी होती. ही मोटार लहान होती. गोष्टीचा पहिला खांब तेथेच निखळला.

मग प्रश्न उरला, ही गाडी कोणती? ओळख पटवण्याची पद्धत एखाद्या पक्ष्याची जात ठरवण्यासारखीच आहे: आधी ठळक खुणा, मग संभाव्य जाती, मग एकेक वगळत जाणे. खुणा अशा होत्या. टप नसलेली दोन आसनांची गाडी. लांब बॉनेट आणि उभा, चौकोनी रेडिएटर. त्याच्या दोन्ही बाजूंना सुटे उभारलेले गोल दिवे. पुढे वा मागे बंपर नाही. तारांच्या आऱ्यांची मोठी चाके, मध्यभागी हातोड्याने ठोकून बसवायची दुकानी नट. पुढचे मडगार्ड खाली वळत फुटबोर्डाला मिळालेले. दाराचा वरचा काठ कोपर बाहेर ठेवता यावे असा खोल कापलेला, बिजागऱ्या मागच्या बाजूला. आसनांच्या पाठीमागे पेट्रोलची उभी चपटी टाकी आणि तिच्यावर बसवलेली स्टेपनी. (हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की त्याचे मूळ वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर आहे, हे ध्यानातही येत नाही. सुटे जादा चाक विकणारी कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे होती.)

अशी ठेवण असलेल्या इंग्रजी गाड्या १९३० नंतर अनेक निघाल्या. सिंगर कंपनीची नाइन ल मान्स होती, पण तिच्या पाठीमागे एक नव्हे, दोन जादा चाके असत. पुढे जॅग्वार या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीची एस.एस. १०० होती, पण तिचे भलेमोठे दिवे आणि अधिक लांब अंग चित्राशी जुळेना. निर्णय रेडिएटरच्या माथ्यावरील बिल्ल्याने केला. चित्रातल्या हाताच्या बोटांनी तो अर्धा झाकला होता आणि अक्षरे पुसट होती, तरी आकाराविषयी शंका नव्हती. तो अष्टकोन होता. मोटारींच्या जगात अष्टकोन म्हणजे एम.जी.

एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्ड येथे सायकलदुरुस्तीपासून सुरुवात करून इंग्लंडचे सर्वांत मोठे मोटार-कारखानदार झालेले विल्यम मॉरिस यांची ही विक्री व दुरुस्तीची पेढी. १९२२ साली सेसिल किंबर हे तिचे व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या साध्या गाड्यांवर त्यांनी हलकी, देखणी अंगे चढवायला आरंभ केला आणि त्यातून स्वतंत्र नाममुद्रा जन्मली. १९२९ मध्ये कारखाना ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन या गावी गेला. किंबर यांचे मर्म असे की श्रीमंतांच्या खेळातला आनंद त्यांनी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणला. १९२८ च्या प्रदर्शनात मांडलेली त्यांची पहिली मिजेट १७५ पौंडांना मिळत असे. गाडी लहान, इंजिन लहान, पण चालवणाऱ्याला वाटावे आपण शर्यतीतच आहोत. दैव असे की किंबर यांनी स्वतः १९४१ साली कारखाना सोडला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात झालेल्या रेल्वे अपघातात ते दगावले. आजच्या तरुण वाचकांना एम.जी. हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असेल. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, नाममुद्रा पुढे चिनी मालकीची झाली आणि २०१९ पासून बडोद्याजवळील हालोल येथे त्याच अष्टकोनाच्या गाड्या तयार होऊन आपल्या रस्त्यांवर धावू लागल्या.

एम.जी.च्या दोन-आसनी मिजेटची टी-मालिका १९३६ साली सुरू झाली. पहिली टी.ए., १२९२ घनसेंटिमीटर इंजिनाची. अशा सुमारे तीन हजार गाड्या निघाल्या. १९३९ मध्ये नवे इंजिन घातलेली टी.बी. आली, पण ३७९ गाड्यांनंतर महायुद्धाने कारखाना लष्करी कामाला जुंपला. युद्ध संपल्यावर १९४५ च्या अखेरीस टी.सी. बाहेर पडली. तिचे इंजिन १२५० घनसेंटिमीटर व ५४ अश्वशक्तीचे होते. त्या वर्षात अवघ्या ८१ टी.सी. तयार झाल्या, तरी १९४९ पर्यंत आकडा दहा हजारांवर गेला. तिच्यानंतरच्या टी.डी.ला लहान चाके आणि बंपर आले, म्हणून ती येथे वगळता येते. आमच्या छायाचित्रातली गाडी टी.ए., टी.बी. अथवा टी.सी. यांपैकी एक होती, आणि या तिघी वरवर पाहता जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

येथे मी चूक केली, ती कबूल केली पाहिजे. तसबीर भाऊंची, भाऊ गेले १९४३ साली, म्हणून गाडी युद्धपूर्व, म्हणून ती टी.ए., असे मी ठरवून टाकले. जे सिद्ध करायचे तेच मी गृहीत धरले होते. त्या वर्षी ज्येष्ठातल्या तिथीला जमलेल्या मंडळींपुढे मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की गाडी महाराजांची नसली तरी १९३६ ते १९३९ च्या दरम्यानची आहे आणि भाऊंच्या उमेदीच्या काळाशी तिचा मेळ बसतो. सर्वांना ते पटले. महाराज गेल्याचे थोडे वाईट वाटले, एवढेच.

पुढे जुन्या मोटारींच्या एका जाणकारांना मी ते स्कॅन दाखवले. वय झालेले, हात अजून ग्रीसने काळवंडलेले, बोलणे मोजके. त्यांनी दोन मिनिटे चित्र पाहिले आणि विचारले, “फुटबोर्डावरच्या पट्ट्या मोजल्यात का?” मी मोजल्या नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितले. टी.ए. व टी.बी.मध्ये बसायला जागा अडचणीची होते, अशी तक्रार असे. म्हणून टी.सी. करताना सांगाडा तोच ठेवून दारांपाशी अंग चार इंचांनी रुंद केले. चाके होती तेथेच राहिली आणि अंग रुंदावले, तेव्हा बाजूचा फुटबोर्ड तेवढा अरुंद झाला. पाय घसरू नये म्हणून फुटबोर्डावर ज्या लांब पट्ट्या असत, त्या आधीच्या गाड्यांवर तीन होत्या. टी.सी.वर दोनच मावल्या.

आम्ही चित्र आणखी मोठे केले. ऊन फुटबोर्डावर सरळ पडले होते आणि पट्ट्या चमकत होत्या. त्या दोन होत्या. फुटबोर्ड दुरुस्तीत कधी बदललेला असू शकतो, असा आक्षेप मी घेऊन पाहिला. त्यांनी उत्तरादाखल दारामागचा भाग दाखवला. पट्ट्या बदलता येतील, अंगाची रुंदी कशी बदलणार? दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगत होत्या. गाडी टी.सी. होती. १९४५ च्या अखेरीपूर्वी पृथ्वीच्या पाठीवर ती अस्तित्वातच नव्हती.

इतिहासाच्या अभ्यासात या तर्काला मोठे स्थान आहे. नर्मदाकाठी महेश्वर व नावडातोली येथे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२-५३ मध्ये उत्खनन केले, तेव्हा थरांचा काळ ठरवायला खापरे आणि नाणी उपयोगी पडली. थरात सापडलेले नाणे सांगते की हा थर त्या नाण्याच्या पाडणीपूर्वीचा नाही. किती नंतरचा, हे ते सांगत नाही. छायाचित्रातील मोटार ही अशा नाण्यासारखीच असते. ती आरंभाची रेषा आखून देते. शेवटची रेषा दुसरीकडून शोधावी लागते. आमच्या बाबतीत तीही मिळाली. चौकटीच्या पाठीमागे चौकट करणाऱ्याने वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवला होता. त्याच्यावर १९५१ चा एक दिनांक होता. तो मी पूर्वीही पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. भाऊ गेल्यावर तब्बल आठ वर्षे घरात त्यांची तसबीर नव्हती, असा तो अर्थ होता. माझी आत्या, नानांची मुलगी, तिचा जन्म १९४६ चा. पहिलीत असताना भिंतीवर खिळा ठोकून ही तसबीर लावल्याचे तिला आठवते. म्हणजे छायाचित्र १९४५ ची अखेर आणि १९५२ यांच्या दरम्यानचे. तेव्हा भाऊ हयात नव्हते.

मग चित्रातला तरुण कोण? चेहरेपट्टी आमच्याच घरातली आहे, यात संशय नाही. पण सारखेपणा हा पुरावा म्हणून कच्चा, कारण घरातले सर्व पुरुष एकमेकांसारखेच दिसतात. चित्र पुन्हा पाहू लागलो तेव्हा रेडिएटरवर ठेवलेल्या हातावर दृष्टी गेली. उजव्या मनगटावर घड्याळ होते. मी आत्याला सहज म्हणून विचारले, “घरात उजव्या हातात घड्याळ कोण घालत असे?” ती म्हणाली, “नाना. ते डावखुरे होते ना. फळ्यावर लिहिताना डाव्या हातातल्या घड्याळाचा काच होई.”

तरी एक शंका उरते. काच वा फिल्म उलटी ठेवून प्रत काढली तर डावे-उजवे बदलते, आणि जुन्या छायाचित्रांत हे घडलेले आढळते. तसे झाले असेल तर घड्याळ डाव्या हातातलेच ठरेल. या शंकेचेही उत्तर मोटारीनेच दिले. मूळ प्रतीत सुकाणूचक्र स्पष्ट दिसते आणि ते उजव्या बाजूला आहे. टी.सी. केवळ उजव्या सुकाणूचीच बनत असे, अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यासुद्धा. प्रत उलटी असती तर चक्र डावीकडे दिसले असते. प्रत सुलटी होती, घड्याळ उजव्या मनगटावर होते, आणि त्या मनगटाचा धनी माझे आजोबा होते.

गाडी कोणाची, हा प्रश्न आता गौण ठरला. नानांचे एक स्नेही महूला नोकरीस होते आणि रविवारी नाना मीटरगेजच्या गाडीने तिकडे जात. महूची छावणी इंदुरापासून जवळ, आणि लष्करी अधिकाऱ्यांना अशा लहान वेगवान गाड्यांची हौस असे. एखाद्या रविवारी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अशा गाडीपाशी एका शाळामास्तराने हौसेने उभे राहावे, यात नवल काहीच नाही. नवल पुढचे आहे.

आपल्याकडे हयात माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत. चुकून कोणी घातला तर घरातल्या बायका धावत जाऊन काढतात. नाना १९८४ साली वारले. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ ते ज्या माजघरात जेवले, त्याच भिंतीवर त्यांची स्वतःची तसबीर हार घालून टांगलेली होती. दर ज्येष्ठात तिच्यापुढे उदबत्ती लागे, पान वाढले जाई, आणि नाना हात जोडून उभे राहत. आपला चेहरा त्यांनी ओळखला नसेल, हे शक्य नाही.

हे सर्व आत्याला सांगावे की नाही, या विचारात मी बरेच दिवस घालवले. ती आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. तिथी ती अजून पाळते. अखेर सांगितले. मूळ प्रत, मोठे केलेले फुटबोर्ड, वर्तमानपत्राचा तुकडा, सारे तिच्यापुढे ठेवले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “म्हणजे भाऊकाकांचा फोटो आपल्याकडे नाहीच?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गाडी ओळखण्याच्या आनंदात मी हे विसरलो होतो की या शोधाने घरातला एक चेहरा पुसून टाकला आहे.

थोड्या वेळाने ती आपणहून बोलू लागली. मोठी आई, म्हणजे नाना व भाऊंची आई, माझी पणजी, शेवटची काही वर्षे मोतीबिंदूने जवळजवळ आंधळी झाली होती. थोरल्या मुलाचा फोटो काढून ठेवला नाही, हा सल तिला शेवटपर्यंत होता. तसबीर लागल्यापासून ती रोज सकाळी आंघोळ झाल्यावर भिंत चाचपत तेथे जाई आणि काचेवरून हात फिरवी. १९५८ साली ती गेली. “आणि नाना,” आत्या म्हणाली, “तिथीला स्वतःच्या हाताने कधी हार घालत नसत. आईला सांगत. मला वाटायचं, थोरल्या भावाचं दुःख आहे, हात उचलत नसेल.”

या दोन आठवणींवरून मी जो तर्क करतो तो वाचकांनीही केला असेल. आईला मुलाचा फोटो हवा होता. तो नव्हता. भाऊ मोटारखान्यात होते, तेव्हा मोटारीशेजारचा फोटो त्यांचा म्हणून सहज खपण्यासारखा होता. अंडाकृती पुठ्ठा बहुधा त्याचसाठी कापला गेला, गाडी फार दिसू नये आणि कोणी फार विचारू नये म्हणून. आई गेल्यावर नानांना खरे सांगता आले असते, पण तोवर गोष्ट घराची झाली होती. तिच्यात महाराजही येऊन बसले होते. याला कागदाचा पुरावा नाही. पट्ट्या दोन होत्या हे मी ठामपणे सांगू शकतो. नानांच्या मनात काय होते ते नाही.

घरात यावर मतभेद झाले. तरुण मंडळी म्हणाली, चूक कळली, आता तसबीर उतरवा. एका चुलतभावाला वाटले, जे साठसत्तर वर्षे चालले ते चालू द्यावे, उगाच खणू नये. आत्याचे म्हणणे सर्वांनी मानले. तसबीर आता तिच्या घरी आहे आणि हारही आहे, कारण नानाही आता नाहीत. तिच्या शेजारी एक दुसरी चौकट लावली. तिच्यात भाऊंचा मोटारखान्यातील नोकरीचा कागद आहे आणि त्याच्या तळाशी त्यांची मोडी सही. ज्येष्ठातल्या तिथीला फुले आता त्या कागदापुढे ठेवतात. चेहरा नाही, पण अक्षर त्यांचेच आहे. दोन्ही चौकटींच्या पाठीमागे मी खरी हकीकत लिहून चिकटवली आहे.

असो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असे डबे असतील आणि त्यांतल्या चेहऱ्यांची नावे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्यापाशी बसून प्रत्येक छायाचित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि अंदाजे साल लिहून घ्यावे. शाई वापरू नये, ती पुढच्या बाजूला उमटते. मूळ प्रत कधी कापू नये. कडेला पडलेली सायकल, दुकानाची पाटी, भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान, मोटारीचा फुटबोर्ड, यांपैकी काय बोलेल ते आधी सांगता येत नाही. आणि पुरावा घरातल्या गोष्टीच्या विरुद्ध बोलू लागला, तर ती गोष्ट टाकून देण्यापूर्वी ती कोणी, कोणासाठी रचली, हेही विचारून पाहावे. आमच्या घरी त्या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या ओळखीपेक्षा मोठे निघाले.